वासाचा रकाना

आठ वाजून दहा मिनिटांनी ओहोटी लागते.
पालिकेच्या शाळेची बस येते नवाला,
तोवर मी जेट्टीवर मांडून ठेवते
गमबुटांचे एकोणीस जोड
(मुलं बत्तीस, आळीपाळीनं घाला),
पाइपांची एक मीटरची चौकट,
खारेपणा मोजायची नळी, झाकण हरवलेली,
आणि माझं ठरलेलं पहिलं वाक्य:
मुलांनो, खाजण म्हणजे घाण नव्हे.

तीन वर्षं बोलते आहे.
मुलं नाक दाबून मान हलवतात.

रोहित कुठायत, मॅडम?
रोहित आज नाहीत.
पत्रकावर सहा आहेत, छपाईत जरा जांभळे झालेले,
त्यांच्यावर भागवा, आणि वाका खाली.

चौकट चिखलावर पडते
आणि तेवढाच चौरस एकदम महत्त्वाचा होतो.
बिळं मोजा. उघडी किती, बुजलेली किती.
एक निवटी पाइपावरच चढून बसते,
आत धरायची की बाहेर, दोन गटांत भांडण.
नियमानं अर्धी धरा, मी म्हणते.
अर्धी निवटी!
चांगुणाबाईला हसू आवरत नाही.

चांगुणाबाई वैती, ट्रॉम्बे कोळीवाडा,
मानधन दिवसाला चारशे, व्हाउचरवर सही वळणदार.
बिळात हात घालते खांद्यापर्यंत,
डोळे भलतीकडेच,
पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली किल्ली चाचपावी तशी,
आणि चिंबोरी काढते, नांग्या दोन बोटांत मुडपून.
मादी. पोटाखाली अंडी.
दाखवते, सोडून देते.
मग माझा फॉर्म हातभर लांब धरून वाचते, सगळा:
"बाय, यात वासाचा रकाना कंचा?
वासावरून तं कलतं,
चिखल जिता हाय का मेला."

रकाना नव्हता.
फॉर्म वरून मंजूर होऊन आलेला.

साडेदहाला तिवराचं पान.
हा माझा हुकमी खेळ.
पान उलटं करा, पाठीला जीभ लावा.
बत्तीस जिभा, आणि एकच ओरडा: शी, खारट!
आता मी सांगणार, नको असलेलं मीठ
झाड पानातून कसं बाहेर टाकतं,
तेवढ्यात मागून आम्रपाली गायसमुद्रे
(आडनावात समुद्र, मूळ गाव औशाकडं,
जिथं पाणी टँकरनं येतं)
म्हणते, ही आमच्या भिंतीची चव आहे.

भिंत चाटतेस? हशा.
ती लाजत नाही.
"लहान होते तेव्हा. खालून पांढरं फुलतं.
पप्पा दिवाळीला रंग देतात,
होळीला परत फुलतं."

हसणारा एक थांबला. आमच्याकडं पण पोपडे येतात.
आमच्या गल्लीत तर उधाणाला
फरशीच्या फटीतून पाणी वर येतं, मॅडम,
मी खोटं नाही बोलत.

हातावरचा चिखल निपटत चांगुणाबाई विचारते,
"कुठं र्‍हाता गो?"
आम्रपाली बोट दाखवते,
तिवरांच्या वर, पत्र्यांच्या निळ्या रांगेकडं.
"तिथं? तिथं माजा आजसासरा जिताडं धरायचा.
भराव पडला तवा मी नवी नवरी."
एवढं बोलून ती बूट गोळा करायला लागली,
डावे एकीकडे, उजवे एकीकडे.

पाणथळ जागा आपल्यापासून दूर नसतात,
हे माझं ठरलेलं शेवटचं वाक्य.
त्या दिवशी बोलले नाही.
पाणी परत चढायला लागलं होतं,
चौकट उचलायची होती.

आठवड्यानं शाळेकडून एक फॉर्म आला, वहीच्या पानावर
पट्टीनं आखून काढलेला, माझ्या फॉर्मची हुबेहूब नक्कल,
वरच्या मंजुरीच्या शिक्क्यासकट, तो पेन्सिलीनं.

स्थळ: खोली नं. १४, मोरीकडची भिंत.
बिळं: दोन. उंदरांची.
पक्षी: कावळा (अर्धा, खिडकीत बसला होता).
खारेपणा: पानाइतकाच.
आणि कडेला, जागा पुरत नसताना घुसवलेला
एक रकाना जास्तीचा.

वास: उधाणाला येतो.
मेला नसावा.